नळीतला पीळ आणि गोळीची लांबी

रत्नागिरी जिल्ह्यात भाताची शेते आणि आंबा-काजूच्या बागा रानडुकरे व वानरांपासून राखण्यासाठी परवान्याची जी बंदूक शेतकऱ्याच्या घरी असते, ती बहुधा ठासणीची असते, आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमातही पीकसंरक्षणासाठी याच प्रकारच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. तोंडाकडून दारू व छरे भरून गजाने ठासायच्या या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. छरा गोल असल्यामुळे तो कोणत्याही बाजूने हवेला सारखाच सामोरा जातो, त्याला पुढचे टोक नसते आणि मागची बाजूही नसते, म्हणून त्याला फिरवत सोडण्याची गरज भासत नाही. गोळी लांबट झाली की ही सोय संपते, आणि रायफलीच्या नळीचा सगळा विचार तिथून सुरू होतो.

लांबट, टोकदार गोळीवर हवेचा रेटा ज्या बिंदूशी एकवटतो तो बिंदू गोळीच्या वस्तुमानमध्याच्या पुढे, म्हणजे टोकाकडे असतो, त्यामुळे हवा तिला सतत उलटवू पाहते. फिरणारा भोवरा जसा पडत नाही तशी फिरणारी गोळी या रेट्याला दाद देत नाही, आणि तिला फिरवण्यासाठी नळीच्या आत मळसूत्री खाचा कोरलेल्या असतात. एक पूर्ण फेरा होण्यासाठी गोळीला नळीतून जितके अंतर जावे लागते, त्यावरून नळीचा पीळ मोजतात. दहा इंचांत एक फेरा होत असेल तर तो दहाचा पीळ, सात इंचांत होत असेल तर सातचा, आणि आकडा जितका लहान तितका पीळ घट्ट.

अमुक पिळाला अमुक ग्रेनची गोळी, असे कोष्टक नेमबाज आणि बंदूकविक्रेते वापरतात (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम), पण त्या कोष्टकातला खरा निर्णायक घटक वजन नसून लांबी आहे. एकाच व्यासाच्या, एकाच धातूच्या गोळीचे वजन वाढवायचे तर ती लांबच करावी लागते, एवढ्यापुरतेच वजन लांबीच्या जागी चालते. वूलविच येथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणारे आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये जे सूत्र मांडले, त्यात वजन येतच नाही: गोळीच्या व्यासाचा वर्ग १५० ने गुणावा व लांबीने भागावा, म्हणजे एका फेऱ्याचे अंतर इंचांत मिळते. हे सूत्र शिशाच्या आसपासची घनता गृहीत धरते, आणि गोळी फार वेगवान असेल तर १५० ऐवजी १८० घेतात.

या भेदाचा उत्तम पुरावा महाराष्ट्र पोलिसांच्या हाती अनेक दशके असलेल्या .३०३ रायफलीत सापडतो. या रायफलीच्या नळीचा पीळ दहाचा आहे. तिच्यासाठी आधी २१५ ग्रेनची, बोथट टोकाची गोळी होती. १९१० मध्ये तिच्या जागी १७४ ग्रेनची अणकुचीदार गोळी आली. वजन जवळजवळ एक पंचमांशाने घटले, तरी पीळ बदलावा लागला नाही, कारण नव्या गोळीच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियमसारखा हलका पदार्थ भरलेला असल्यामुळे तिची लांबी जुन्या गोळीच्या जवळपासच राहिली. केवळ वजन पाहून कोष्टक लावणारा माणूस येथे हमखास चुकेल.

पीळ सैल पडला तर काय होते, हे अमेरिकेच्या ५.५६ मिलिमीटर रायफलीच्या इतिहासात दिसते. आरंभी तिच्या नळीला चौदाचा पीळ होता आणि ५५ ग्रेनच्या गोळीला तो साध्या हवामानात कसाबसा पुरत असे. उणे ६५ अंश फॅरनहाइटच्या चाचण्यांत, थंडीने दाट झालेल्या हवेत, गोळ्या डगमगू लागल्या आणि १९६३ मध्ये पीळ बाराचा केला गेला. पुढे ६२ ग्रेनची गोळी आली तेव्हा पीळ एकदम सातचा झाला, पण तो त्या गोळीसाठी नव्हता: तिच्या जोडीने वापरायची, मार्ग दाखवण्यासाठी जळत जाणारी गोळी बरीच लांब होती आणि पीळ तिच्या मापाने ठरवावा लागला. सर्वांत लांब गोळी नळी ठरवते, बाकीच्या तिच्याशी जुळवून घेतात. याच व्यासाची इन्सास रायफल पुण्याच्या शस्त्रसंशोधन संस्थेत आखली गेली आणि तिची काडतुसे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात तयार होतात. नळी आणि काडतूस यांची जुळणी दोन वेगळ्या ठिकाणच्या कारागिरांनी सांभाळायची, ही जबाबदारी लहान नाही.

हवेचा हा हिशेब भारतात विशेष महत्त्वाचा आहे. लेहच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, म्हणून तापमान सारखे धरले तर तीच गोळी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जितकी स्थिर असेल त्याच्या दीडपट तिथे स्थिर राहते. पिळाची कसोटी त्यामुळे समुद्रसपाटीवर आणि थंड हवेत घ्यावी लागते. डोंगरावर उत्तीर्ण झालेली जोडी किनाऱ्यावर नापास होऊ शकते.

पीळ गरजेहून घट्ट ठेवला तर धोका टळतो, हा समजही पूर्ण खरा नाही. सातच्या पिळातून सेकंदाला ९४० मीटर वेगाने निघालेली गोळी सेकंदाला सुमारे ५,३०० फेरे घेते. पातळ कवचाची हलकी गोळी या फेऱ्यांत हवेतच फुटू शकते, आणि गोळीचा वस्तुमानमध्य अक्षापासून केसभर सरकलेला असला तरी ती चूक लक्ष्यावर मोठी होऊन दिसते. उलट पीळ अपुरा असेल तर गोळी कागदावर आडवी लागते आणि गोल भोकाऐवजी लांबट फाट पडते. नेमबाजाला यापेक्षा स्पष्ट निदान लागत नाही.

कोल्हापूरच्या नेमबाजीत मात्र वजन निवडण्याचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झालेल्या तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे, कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांच्या ५० मीटर प्रकारात .२२ ची, ४० ग्रेनची शिशाची गोळी आणि सोळाच्या आसपासचा पीळ ही जोडी रूढ झालेली आहे, आणि ग्रीनहिलचे सूत्रही त्या आखूड गोळीसाठी जवळजवळ तोच आकडा देते. तरीही दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असल्याने, एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या खेपांची काडतुसे आपल्या नळीतून झाडून, छिद्रांचा सर्वांत लहान पुंजका देणारी खेप निवडून तिचाच साठा करण्याची पद्धत या स्तरावरचे नेमबाज पाळतात.