गुडघ्याची दुखापत : एमआरआय की दुर्बीण?

कबड्डी खेळताना पाय जमिनीत घट्ट रोवलेला असतो, शरीर गर्रकन वळते आणि गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो. दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजतो. इतक्या लवकर आलेली सूज बहुधा सांध्यात रक्त साचल्याने येते. अशा वेळी गुडघ्याला स्थैर्य देणारे ‘एसीएल’ हे लिगामेंट तुटल्याची शंका घ्यावी लागते.

निदानाचे पहिले साधन म्हणजे डॉक्टरांचे हात. गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढली की ती किती सरकते, यावरून ‘एसीएल’ची स्थिती बरीचशी कळते. एक्स-रेमध्ये हाड मोडले आहे का, ते दिसते. लिगामेंट, सांध्यातली गादी म्हणजे मेनिस्कस आणि हाडांच्या टोकांवरची कूर्चा मात्र दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. त्यात क्ष-किरण नसतात, सुई-टाका नसतो. हाडाच्या आतला मुका मारही त्यात दिसतो, जो दुर्बिणीला दिसत नाही. कूर्चेवरच्या बारीक चिरा मात्र एमआरआयमधून निसटू शकतात.

दुर्बिणीने, म्हणजे आर्थ्रोस्कोपीने, सांधा आतून प्रत्यक्ष पाहता येतो. बारीक आकडीने गादी आणि कूर्चा चाचपताही येते. म्हणूनच एमआरआयची अचूकता दुर्बिणीच्या निष्कर्षांशी ताडून ठरवली गेली. पण दुर्बीण ही शस्त्रक्रियाच आहे. तिच्यासाठी भूल द्यावी लागते. जंतुसंसर्गाचा आणि शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी असला, तरी असतो. म्हणून केवळ ‘आत काय आहे ते पाहू’ एवढ्यासाठी ती आज सहसा केली जात नाही.

खरी गल्लत होते ती पन्नाशीनंतर. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांचा एमआरआय काढला गेला. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. गादीला चीर असलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्यात दुखणे वा आखडणे काहीच नव्हते! म्हणजे रिपोर्टमधली चीर हेच दुखण्याचे कारण असेल, असे नाही. फिनलंडमध्ये गादी झिजून फाटलेल्या १४६ रुग्णांपैकी काहींची फाटकी गादी दुर्बिणीने कापली, तर काहींवर शस्त्रक्रियेचा नुसता देखावा केला. वर्षभरानंतर दोन्ही गटांना सारखाच आराम होता. अशा झिजेवर मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन कमी करणे हाच पहिला उपचार.

गुडघा अडकून सरळच होत नसेल किंवा तरुण खेळाडूची गादी शिवण्याजोगी फाटली असेल, तर उशीर करू नये. एरवी शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : माझा त्रास, तुमची तपासणी आणि एमआरआय, तिन्ही एकच गोष्ट सांगतात का?