विहिरीच्या भिंतीवरचा नकाशा

गावात भूजलाचा नकाशा उलगडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाई, बोअर कुठं मारायचं?" बाग डोळ्यांदेखत वाळत असेल तर माणूस दुसरं काय विचारणार? पण भूशास्त्र शिकवण्यात आणि नकाशे काढण्यात आयुष्य गेल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. शाळेत आणि ग्रामपंचायतीत लावायच्या नकाशानं आधी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर द्यावं. माझ्या विहिरीत ज्या थरातून पाणी येतं, त्याच थरावर आणखी कुणाकुणाच्या विहिरी आहेत?

सरकारी नकाशे आहेत आणि ते मोलाचे आहेत. 1972च्या दुष्काळाच्या काळात उभी राहिलेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरींची पातळी नियमानं मोजते. उपग्रहाच्या चित्रांचा आधार घेऊन केलेले भूजल संभाव्यता नकाशेही मिळतात. त्यांचं प्रमाण 1:50,000, म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर कागदावर 1 सेंटिमीटर. 10 चौरस किलोमीटरचं शिवार त्यात सुमारे सव्वासहा सेंटिमीटरच्या चौकोनात मावतं. तालुक्याचं नियोजन त्यावर होतं, पण बांधाला बांध लागून असलेल्या दोन विहिरींचं नातं त्यात दिसत नाही. त्यासाठी जमिनीखालच्या थरांचा उभा छेद लागतो.

कारण आपला खडक थरांचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोंढे एकावर एक पसरत गेले आणि महाराष्ट्राची चार पंचमांशाहून अधिक जमीन त्या बेसॉल्टची बनली. लोंढ्याचा वरचा भाग बहुधा भोकाभोकांचा, त्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. पोटात घट्ट काळा पाषाण. दोन लोंढ्यांच्या मध्ये कुठं कुठं तांबड्या गेरूचा पट्टा. मांजऱ्याची भोकं दिसली म्हणजे पाणी आलंच असं नाही. त्यातली बरीच पांढऱ्या खनिजांनी भरलेली असतात. पाणी राहतं आणि वाहतं ते भेगांत, सांध्यांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. जसजसं खोल जावं तसतशा भेगा कमी आणि आवळलेल्या. किल्लारीला 1993च्या भूकंपानंतर घेतलेल्या संशोधनाच्या छिद्रात बेसॉल्ट 338 मीटरवर संपला, कोयनेजवळ तो 900 मीटरांपेक्षाही खोल गेला. पण खडकाची जाडी म्हणजे पाण्याचा साठा नव्हे. 2009च्या राज्याच्या भूजल कायद्यानं 60 मीटरपेक्षा जास्त खोलीच्या विहिरींवर निर्बंध घातले, त्याला हे भूशास्त्र पोषकच आहे.

आणि आपण मुलांना काय दाखवतो? काचेच्या पेटीत वाळू भरायची, वरून पाणी ओतायचं, वाळू सगळीकडे सारखी भिजते. पाठ्यचित्रातही जमिनीखाली एकसलग निळा पट्टा. तापी-पूर्णेच्या गाळाच्या प्रदेशात हे चित्र काही प्रमाणात चालेल. बेसॉल्टवर राहणाऱ्या मुलाच्या मनात मात्र त्यानं जमिनीखालच्या समुद्राची कल्पना रुजते, आणि तोच पुढे मोठा होऊन 200 मीटर खोल बोअर मारतो. याची मला खरोखर काळजी वाटते.

त्याऐवजी मी एक हिशेब करून घेते. भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात झिजलेल्या, भेगाळ बेसॉल्टसाठी 2 टक्के हा आकडा धरतात. म्हणजे पाण्यानं भरलेला 1 घनमीटर खडक निथळला तर 20 लिटर पाणी मिळतं, पिण्याच्या पाण्याचा एक जार. उलटही खरं. पावसाचं 100 मिलिमीटर पाणी मुरलं, तर अशा खडकात पातळी 5 मीटर चढते. म्हणून श्रावणात विहिरी तुडुंब दिसतात आणि होळीला तळ दिसतो. हे मुलांना पटकन समजतं, मोठ्यांना त्याहून पटकन.

मग विहिरीवर जायचं. मोठं माणूस सोबत, कठड्यापासून मुलं हातभर लांब. पुरंदर तालुक्यात एका शाळेबरोबर हे केलं, तेव्हा आयुष्यभर यारीवर विहिरी खोदलेले एक काका आले होते. काठावरून बोट दाखवत ते थर सांगत गेले, काळी माती, मुरूम, मांजऱ्या, गेरू, खाली पाषाण, आणि मुलांनी टेपनं खोली मोजून वहीत उतरवलं. गावनकाशावर गट क्रमांकाशेजारी विहीर मांडली. पाण्याची पातळी मोजताना कठड्याची उंची वजा केली. जमिनीची उंची मात्र डंपी लेव्हल या मोजणीच्या दुर्बिणीनं घेतली, मोबाइल उंची सांगताना काही मीटर चुकतो आणि इथं काही मीटरांतच सगळं ठरतं. वरच्या विहिरीत गेरू 14 मीटरवर होता, ओढ्याकाठच्या विहिरीत 8 मीटरवर. दोन जागांच्या उंचीत फरक 6 मीटरांचा. पाचवीतल्या मुलीनं पट्टी ठेवून रेघ मारली आणि म्हणाली, "बाई, हा एकच गेरू आहे!"

त्या रेघेवर दोन्ही विहिरींचे मालक बराच वेळ बोलत होते. एकानं आडवे बोअर मारले होते, दुसऱ्याचं पाणी त्यानंतर लवकर आटू लागलं होतं. विषय जुना होता, पण त्या दिवशी पहिल्यांदा तो भांडण न होता निघाला, कारण दोघांच्या मध्ये कागद होता. अशा कागदाचा उपयोग कुठवर जातो, हे सातारा जिल्ह्यातल्या रणदुल्लाबादनं दाखवलं आहे. पुण्याची 'अक्वाडॅम' ही भूजलावर काम करणारी संस्था तिथल्या लोकांबरोबर खडक आणि पाणी समजून घेत राहिली, आणि गावानं सिंचनासाठी बोअर न घेण्याचं ठरवलं. तिथं एका विहिरीवर अनेक कुटुंबांची पाळी असते.

असा छेद एकदा काढून भिंतीवर टांगला की काम संपत नाही. मे आणि ऑक्टोबरची पातळी दर वर्षी त्यावर वेगळ्या रंगानं चढवावी लागते; हे काम सातवीच्या वर्गाकडे द्यावं, असा माझा आग्रह असतो. आणि गावात नवं बोअर पडतंच, तेव्हा त्यातून येणारी भुकटी वाया जाऊ देऊ नये. गेरू लागला की ती तांबडी होते, पाषाणात काळी-राखाडी. रिगवाल्याला आधी सांगून ठेवलं तर तो दर 10 फुटांना मूठभर भुकटी बाजूला काढून देतो. ती छोट्या पिशवीत भरून वर गट क्रमांक, खोली आणि तारीख लिहायची, आणि पाणी कितव्या फुटाला लागलं तेही. बोअर कोरडं गेलं तर तीही नोंद तितक्याच नीट ठेवायची, म्हणजे शेजारचा शेतकरी पैसे घालण्याआधी शाळेत येऊन पिशव्या बघून जाईल.