शवागाराची व्यवस्था आणि अधिष्ठात्यांचे उत्तरदायित्व

रुग्णांवरील उपचारांप्रमाणेच मृतदेहांची योग्य व्यवस्था ठेवणे हेही रुग्णालय प्रशासनाचे कर्तव्य होय. एरवी शवागाराकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. तेथे हयगय झाली तर ज्याची विटंबना होते त्याला तक्रार करता येत नाही, आणि त्याचे आप्त शोकाकुल असतात. या दृष्टीने मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालयात २०२० साली घडलेल्या दोन घटना उद्बोधक आहेत.

दोन घटना

मे २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले मृतदेह रुग्णांच्या खाटांशेजारी ठेवल्याची चित्रफीत सर्वत्र प्रसृत झाली. नातेवाईक मृतदेह नेण्यास कचरतात आणि शवागारातील १५ जागांपैकी ११ भरलेल्या आहेत, असा खुलासा तत्कालीन अधिष्ठाता डॉ. प्रमोद इंगळे यांनी केला. महानगरपालिकेने चौकशी समिती नेमली. पुढे अधिष्ठातापदाची सूत्रे डॉ. रमेश भारमल यांच्याकडे देण्यात आली. १२ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृतदेहांच्या हेळसांडीची स्वतःहून दखल घेऊन दिल्ली, महाराष्ट्र, पश्चिम बंगाल व तामिळनाडू या राज्यांना नोटिसा पाठविल्या.

तथापि, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये याच रुग्णालयात एका तरुणाचा मृतदेह भलत्याच कुटुंबाच्या स्वाधीन झाला व त्याच्यावर अंत्यसंस्कारही उरकले. शवागारातील दोन कर्मचारी निलंबित झाले. परंतु त्या तरुणाच्या आप्तांना अंत्यदर्शन कायमचे दुरावले.

व्यवस्था कशी असावी?

केवळ अधिकारी बदलल्याने अथवा कनिष्ठ कर्मचाऱ्यांस निलंबित केल्याने दोष नाहीसा होत नाही, हे यावरून स्पष्ट होते. मृतदेहावर नाव व नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी कक्षातच बांधली जावी. तोच क्रमांक शवागाराच्या नोंदवहीत यावा. मृतदेह सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावा. स्वाधीन करताना नातेवाइकांनी चेहरा पाहून ओळख पटवावी व त्यानंतरच स्वाक्षरी घ्यावी. करोनाकाळातही, १५ मार्च २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, योग्य खबरदारी घेऊन चेहरा दाखविण्यास मुभा होती. किती जागा रिकाम्या आहेत याचा दैनंदिन आढावा आणि जागा अपुरी पडल्यास पर्यायी सोय, ही मात्र संस्थाप्रमुखांचीच जबाबदारी आहे. नोंदवहीवर त्यांची नियमित देखरेख असेल, तर चूक वेळीच लक्षात येते.

नागरिकांचे सहकार्य

नातेवाइकांनीही ओळखपत्रासह वेळेवर उपस्थित राहावे, ओळख पटल्याखेरीज स्वाक्षरी करू नये आणि २१ दिवसांच्या आत मृत्यूची नोंद झाल्याची खात्री करून घ्यावी. अपघाती वा संशयास्पद मृत्यू असल्यास पोलीस पंचनामा व शवविच्छेदन आवश्यक असते; त्यास लागणारा वेळ म्हणजे विनाकारण दिरंगाई नव्हे, हेही ध्यानी घ्यावे. तथापि, विलंबाचे कारण विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

प्रतिष्ठेचा हक्क मृत्यूने संपत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच मान्य केले आहे. ते शवागाराच्या नोंदवहीत प्रत्यही पाळले गेले, तरच त्याला अर्थ आहे.