सेमिनरीतला अभ्यास आणि गावचा बांध

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात तुम्ही कितीदा तरी माल घेऊन गेला असाल. तिथून बिबवेवाडी हाकेच्या अंतरावर. तिथे युनियन बिब्लिकल सेमिनरी नावाचे मोठे विद्यालय आहे. आधी ते यवतमाळला होते, १९८३ साली पुण्यात आले. शिरूर-नगरकडून येणाऱ्यांना रामवाडीजवळ दुसरे लागते, ज्ञानदीप विद्यापीठ. हे कॅथलिकांचे. १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला सुरू झाले आणि १९५५ मध्ये पुण्यात हलवले. आपण त्या कंपाउंडवरून टेम्पो नेतो, पण आत काय शिकवतात हे कोणी विचारत नाही. फार तर "पाद्री तयार करतात" एवढे म्हणतो आणि पुढे जातो.

पाद्री तयार करतात हे खरेच. पण देशभरातून आलेली मुले (बिबवेवाडीत मुलीही) तिथे पुढचे, पदव्युत्तर शिक्षण घेतात आणि त्यात बायबलबरोबर जात, गरिबी, जमीन, स्थलांतर, स्त्रियांचे प्रश्न यांचाही अभ्यास असतो. मिशन म्हणजे नेमके काय, हाच एक विषय आहे. जुना अर्थ सरळ होता : धर्म सांगायचा, माणसे जोडायची. पुढे विचार बदलत गेला. कॅथलिकांतल्या येशू संघाची महासभा १९७४-७५ मध्ये रोमला भरली. श्रद्धेची सेवा करायची तर न्यायासाठी झटणे त्यातच आले, ते वेगळे काढता येत नाही, असे तिने ठरवले. आपल्या देशात अरविंद निर्मल या अभ्यासकाने १९८१ साली बंगळूरच्या व्याख्यानात दलितांच्या अनुभवातून धर्मशास्त्र मांडण्याची सुरुवात केली. ती टीका बाहेरच्यांवर नव्हती, चर्चवरही होती. देशाच्या काही भागांत दफनभूमीतसुद्धा जातीची भिंत होती. आणि १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीची सवलत हिंदूंना, १९५६ पासून शिखांना, १९९० पासून बौद्धांना मिळाली. ख्रिस्ती झालेल्या दलिताला नाही. त्याची जात गावाने विसरली नाही, कागदाने मात्र विसरली. दाखल्यासाठी खेटे घालणारी अशी माणसे ग्रामसेवक-तलाठ्यांनी पाहिलेली असतील.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्याचा शेतीशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) डोंगरउतारावर दिसतो.

हर्मन बाखर नावाचे स्वित्झर्लंडचे फादर होते. येशू संघाचे. १९४८ साली ते भारतात आले आणि आयुष्य इथेच घातले. नगरला त्यांनी सोशल सेंटर उभे केले. सुरुवातीला विहिरी, कर्ज, पंप असे काम होते. पण विहिरी वाढल्या तसे पाणी खाली गेले. मग लक्षात आले की पाणी उपसण्याआधी ते मुरवले पाहिजे. त्यातून पाणलोटाचे काम सुरू झाले, नाबार्ड आणि जर्मन सरकारच्या मदतीने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम आला आणि १९९३ मध्ये 'वॉटर' ही संस्था निघाली. फादर बाखर २०२१ मध्ये वारले.

या कार्यक्रमाची रीत मला फार शिकण्यासारखी वाटते. पैसा आधी येत नसे. आधी गावाने श्रमदान करून दाखवायचे. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत मान्य करायची. मग गट नंबर घेऊन प्रत्येक शेतात जायचे, तेही नवरा-बायको दोघांना बरोबर घेऊन. मातीची खोली किती, उतार किती, इथे बांध की समपातळी चर की झाडे, हे तिथेच उभे राहून ठरवायचे. काम माथ्यापासून पायथ्याकडे. गावाच्या वाट्यातून देखभाल निधी बाजूला ठेवायचा. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे या पद्धतीने झालेले गाव, पुष्कळ जणांनी सहलीत पाहिले असेल.

यातले चर आणि बांध आम्हालाही येतात. माझ्या डिप्लोमात उताराची टक्केवारी काढायला शिकवले, चराचे माप शिकवले, परीक्षेलाही तेच आले. पण चराईबंदी झाली की सहा शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईने कुठे जायचे, हा प्रश्न एकाही पेपरात आला नाही. नोकरीला लागल्यावर तो मला एका गावच्या सभेत भेटला. सगळे हात वर करून बंदीला हो म्हणत होते आणि मागे भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "तुमच्या विहिरीला पानी येईल सायेब, माझ्याकडं तर हीरच न्हाई." मी तिला काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते.

पाणलोटातला खरा न्यायाचा प्रश्न हाच आहे. माथ्यावरची जमीन बहुधा गायरान, वनखात्याची किंवा गरिबाची. पायथ्याला विहीरवाल्याची बागायत. चर माथ्यावर खणायचे, बंदी माथ्यावर पाळायची, पाणी पायथ्याला. भूमिहीन श्रमदानाला आला तर तो दुसऱ्याच्या उसासाठी फुकट राबतो. म्हणून कोणाला श्रमदानातून सूट, चराई एकदम बंद की टप्प्याटप्प्याने, कापून नेण्याच्या गवतावर पहिला हक्क कोणाचा, हे काम सुरू होण्याआधी ठरले पाहिजे. सेमिनरीतली मुले हा प्रश्न शिकून येतात. मातीची खोली मात्र त्यांना कळत नाही, हेही खरे. धडधडीत मुरमावर आंबा लावायला निघालेले उत्साही लोक मी पाहिले आहेत.

जाता जाता एक. गावातला हातपंप तुम्ही सरकारी म्हणून ओळखता. त्याचा, म्हणजे इंडिया मार्क टूचा, पूर्वज आपल्याच मातीतला. जालन्याच्या स्कॉटिश मिशनने बोअर घेतले आणि बिडाचे पंप सारखे मोडतात म्हणून मजबूत जालना पंप बनवला. मग सोलापूरच्या स्वीडिश मिशनमधल्या ऑस्कर कार्लसन यांनी सोलापूर पंप सुधारला. त्यावरूनच पुढे १९७० च्या दशकात इंडिया मार्क टू तयार झाला.

मनातला प्रश्न मी टाळत नाही. "हे लोक धर्मांतरासाठी तर येत नाहीत ना?" काहींचा धर्म सांगण्याचा हेतू असतो आणि तो ते लपवतही नाहीत. घटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म सांगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले की या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणजे बोलायला मोकळीक, पण बियाण्याच्या पिशवीवर किंवा औषधाच्या बाटलीवर देवाची अट नको. माझे मत विचाराल तर कोणत्याही धर्माच्या संस्थेला हाच नियम लावा, फक्त ख्रिस्ती संस्थेला नको.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी कागद मात्र जरूर बघावा. संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षण, आणि पैसा परदेशातला असेल तर त्याची परवानगी. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणारी संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. तेव्हा "पुण्याची मोठी संस्था आमच्या मंडळाला परदेशी निधी देणार आहे" असे कोणी सांगत आले तर तिथेच थांबवून विचारा. हिशेब ग्रामसभेत वाचायला लावा, आणि सभा दुपारी नको. मजूर माणूस तेव्हा कामावर असतो, मग हात वर होतात ते फक्त विहीरवाल्यांचे.

या विद्यालयांत वर्गाबाहेर, वस्तीत आणि गावात जाऊन शिकण्यावरही भर असतो. तुमच्या गावात असा एखादा गट आला तर त्यांना मंदिर, शाळा आणि सरपंचांचे द्राक्ष दाखवून परत पाठवू नका. एप्रिल-मे महिन्यात बोलवा, टँकर येतो तेव्हा. शेळीवाल्यांच्या वस्तीवर मुक्काम करू द्या. आणि कृषी सहायकालाही बोलवा. मी तरी येईन. माझ्याकडे उतार मोजायचे साधन आहे, त्या म्हातारीला द्यायचे उत्तर अजून नाही.