कॉम्प्युटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड नाही? तरीही पायथॉनची पॅकेजेस टाकता येतात

बीसीए, बीएस्सी आयटी, पॉलिटेक्निक किंवा सीबीएसईच्या बारावीला इन्फॉर्मॅटिक्स प्रॅक्टिसेस घेतलेल्या मुलामुलींकडून आम्ही एक तक्रार नेहमी ऐकतो. "सर, घरी कॉम्प्युटर आहे, पण त्यावर काही टाकायला गेलं की पासवर्ड मागतो." कॉम्प्युटर अब्बूंच्या दुकानाचा असतो, भाईजानच्या नावावर असतो, किंवा सेकंडहँड घेताना विकणाऱ्याने पासवर्ड लावून दिलेला असतो. प्रोजेक्टची तारीख जवळ येते, स्क्रीनवर "परवानगी नाही" असा संदेश दिसतो आणि मूल समजतं की हा विषय आपल्यासाठी नाही. मुलींच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण घरातला कॉम्प्युटर बहुतेक वेळा त्यांच्या नावावर नसतो.

खरं म्हणजे प्रोग्रामिंग शिकण्यासाठी अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतोच असं नाही. का लागत नाही आणि काय करायचं, ते आज समजून घेऊ.

पासवर्ड का मागतो?

कॉम्प्युटरला एक मोठं घर समजा. काही जागा सगळ्यांच्या असतात: दिवाणखाना, पाण्याची टाकी, विजेचा मीटर. तिथे बदल केला तर सगळ्यांवर परिणाम होतो, म्हणून घरच्या मोठ्यांना विचारावं लागतं. पण प्रत्येकाचं स्वतःचं कपाटही असतं. त्यात काय ठेवायचं ते ज्याचं तो ठरवतो.

विंडोजमध्ये "प्रोग्राम फाइल्स" हा फोल्डर सगळ्यांचा, म्हणून तिथे लिहायला अ‍ॅडमिनची परवानगी लागते. तुमच्या नावाचा "युजर्स"मधला फोल्डर मात्र तुमचं कपाट. तिथे लिहायला कुणाला विचारायची गरज नाही. पायथॉन आणि त्याची पॅकेजेस या कपाटात ठेवता येतात, एवढीच यातली युक्ती आहे. यात कुठलंही कुलूप तोडलेलं नाही.

आधी पायथॉन

पायथॉनच्या अधिकृत साइटवरून विंडोजचा इन्स्टॉलर घ्या. तो उघडला की पहिल्याच पानावर खाली दोन चौकोन दिसतात. एकात अ‍ॅडमिनचे अधिकार वापरण्याबद्दल लिहिलेलं असतं, तिथली टिक काढा. दुसऱ्यात पायथॉन "पाथ"मध्ये जोडण्याबद्दल असतं, तिथे टिक करा. मग "इन्स्टॉल नाऊ" दाबा. पायथॉन तुमच्याच फोल्डरात बसतं, पासवर्ड मागत नाही.

"पाथ"ची टिक विसरली तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पायथॉन टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं आणि मुलं गोंधळतात. तसं झालं तर इन्स्टॉलर पुन्हा चालवून ती टिक करायची.

प्रत्येक प्रोजेक्टला वेगळी खोली

आता पॅकेजेस. याची सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. २०१२ साली आलेल्या पायथॉन ३.३ पासून ही सोय पायथॉनच्या आतच आहे. एका प्रोजेक्टची पॅकेजेस एका फोल्डरात, दुसऱ्याची दुसऱ्या फोल्डरात, म्हणजे एकमेकांत भांडण नाही.

खालच्या आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून मराठी अक्षरांत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

१. प्रोजेक्टचा फोल्डर तयार करा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या फोल्डरात जा.

२. टाइप करा: पायथॉन, जागा, आडवी रेघ आणि एम, जागा, व्ही-ई-एन-व्ही ही चार अक्षरं, जागा, आणि खोलीचं नाव. समजा नाव "घर" ठेवलं. थोडा वेळ थांबा, "घर" नावाचा फोल्डर तयार होईल.

३. खोलीत शिरा: घर, उलटी तिरपी रेघ, स्क्रिप्ट्स, उलटी तिरपी रेघ, अ‍ॅक्टिव्हेट. ओळीच्या सुरुवातीला कंसात "घर" दिसलं की तुम्ही आत आहात.

४. आता पॅकेज मागवा: पिप, जागा, इन्स्टॉल, जागा, पॅकेजचं नाव. उदाहरणार्थ पांडाज किंवा मॅटप्लॉटलिब.

५. काम संपलं की "डीअ‍ॅक्टिव्हेट" टाइप करून बाहेर या.

तिसऱ्या पायरीला पॉवरशेलमध्ये लाल अक्षरांत "स्क्रिप्ट चालवायला मनाई" असा संदेश येऊ शकतो. तेव्हा पॉवरशेल बंद करून साधा कमांड प्रॉम्प्ट वापरा. लिनक्सवर तिसरी पायरी थोडी वेगळी आहे: सोर्स, जागा, मग घर, बिन आणि अ‍ॅक्टिव्हेट, मध्ये सरळ तिरप्या रेघा.

काही बिघडलं तर "घर" हा फोल्डर डिलीट करून नवा बनवा. कॉम्प्युटरला काही होत नाही. पण तो फोल्डर पेनड्राइव्हवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊ नका, तिथे तो नीट चालत नाही. त्याऐवजी "पिप फ्रीझ" या आज्ञेने पॅकेजेसची यादी काढून ठेवा आणि दुसरीकडे त्या यादीवरून नवी खोली तयार करा.

दुसरा मार्ग आणि लिनक्सची अडचण

खोली न बनवता पिपला "युजर" असा पर्याय देऊनही पॅकेज आपल्या कपाटात ठेवता येतं. २०२० पासूनचं पिप तर सगळ्यांच्या जागेत लिहिता आलं नाही की आपणहून युजरच्या जागेत जातं आणि तसा संदेशही देतं. हा संदेश म्हणजे चूक नव्हे, घाबरायचं कारण नाही.

मात्र डेबियन १२ किंवा उबंटूच्या नव्या आवृत्त्यांवर पिप सरळ नकार देतं आणि सांगतं की इथलं पायथॉन ही सिस्टीम स्वतः सांभाळते. तो नकार ओलांडायचा एक पर्याय इंटरनेटवर कुणीही सांगेल. तो वापरू नका. सिस्टीमचे स्वतःचे प्रोग्राम त्याच पायथॉनवर चालतात, ते बिघडू शकतात. वर सांगितलेली खोली बनवा, प्रश्न तिथेच सुटतो.

डेटा कमी असेल तर

मशीन लर्निंगची मोठी पॅकेजेस शेकडो एमबीची असतात. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा एका पॅकेजमध्ये संपतो. जिथे वाय-फाय आहे तिथे "पिप डाउनलोड"ने फाइल्स पेनड्राइव्हमध्ये घ्या आणि घरी त्या फोल्डरातून इन्स्टॉल करा. दोन्हीकडे विंडोज आणि पायथॉनची आवृत्ती सारखी हवी.

कॉम्प्युटरच नसेल तर गुगल कोलॅब मोबाईलच्या ब्राउझरमध्येही उघडतं. तिथे टाकलेली पॅकेजेस सत्र संपलं की जातात, पण सरावाला ते पुरतं.

नाव नीट तपासा

अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. पॅकेज तुमच्या नावाने चालतं, म्हणून तुमचे फोटो आणि कागदपत्रं ते वाचू शकतं. २०१७ मध्ये स्लोव्हाकियाच्या सरकारी सुरक्षा विभागाला पायथॉनच्या अधिकृत साठ्यातच नकली नावांची दहा पॅकेजेस सापडली होती. "युआरएलिब३" या लोकप्रिय पॅकेजच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं फक्त एक एल गाळून त्यातलं एक नाव केलेलं होतं. म्हणून नाव पुस्तकातून किंवा पॅकेजच्या अधिकृत पानावरून अक्षर न् अक्षर पाहून घ्या.

पालकांसाठी दोन शब्द

भाईजानचा लॅपटॉप कंपनीचा असेल तर तो अमानत आहे. पासवर्ड लागला नाही तरी कंपनीचा नियम लागू राहतो, म्हणून आधी विचारायचं. शाळा-कॉलेजच्या लॅबमध्येही सरांना सांगूनच करायचं. पासवर्ड तोडायचे व्हिडिओ पाहून प्रयोग तर मुळीच नको.

घरचाच कॉम्प्युटर असेल तर अब्बू-अम्मींना आमची एवढीच विनंती आहे: मुलामुलीला पासवर्ड देऊ नका हवं तर, पण तिच्या किंवा त्याच्या नावाचं वेगळं खातं उघडून द्या. दुकानाचा हिशोब सुरक्षित राहील आणि मुलांना शिकायला स्वतःचं कपाट मिळेल. खातं उघडायला दहा मिनिटंही लागत नाहीत. या रविवारीच बसा.