केसपेपरच्या खिडकीमागे

रुग्णालयात रोग्याची पहिली गाठ पडते ती केसपेपर काढणाऱ्या कारकुनाशी. नाव, वय, पत्ता लिहिला की झालं, एवढंच त्याचं काम असं बाहेरून वाटतं. पण एकाच नावाच्या दोघी आल्या आणि क्रमांकांची अदलाबदल झाली, तर एकीचा रक्ताचा रिपोर्ट दुसरीच्या फायलीत जातो. म्हणून नावाबरोबर जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक ताडून पाहायचा, हा इथला पहिला धडा. खाटेचा नंबर ओळख म्हणून चालत नाही, खाटा बदलतात.

दुसरा धडा रांगेचा. छातीत कळ येऊन घामाघूम झालेल्या माणसाचं निदान कारकुनानं करायचं नसतं, पण त्याला रांगेत उभंही ठेवायचं नसतं. तिसरा धडा जिभेचा. खिडकीतून आजाराचं नाव पुकारलं की मागची रांग ते ऐकते. एचआयव्हीबाबत तर गोपनीयतेचा २०१७चा स्वतंत्र कायदाच आहे.

रोगी घरी गेला की फाइल रेकॉर्ड विभागात येते. तिथे कागद क्रमानं लागतात, राहिलेल्या सह्या शोधल्या जातात, निदानाला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा कोड पडतो. प्रकार २च्या मधुमेहाला ‘ई ११’. विम्याचा दावा आणि आजारांची आकडेवारी याच कोडवर चालते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या आणि मागणी आल्यास ७२ तासांत द्यायच्या. जबाबदारी डॉक्टरांची, पण फाइल शोधून हातात ठेवणारा कारकूनच. मोठ्या रुग्णालयांत मानांकनामुळे कारकुनाच्या प्रशिक्षणाची नोंद तरी ठेवावी लागते. गल्लीतल्या दवाखान्यात हेच काम करणारा कंपाउंडर मात्र आधीच्या कंपाउंडरकडे बघून शिकतो, त्याच्या चुकांसकट.

संलग्न आरोग्य व्यवसायांच्या २०२१च्या केंद्रीय कायद्यानं वैद्यकीय सचिव, क्लिनिकल कोडर आणि रेकॉर्ड तपासणारे यांना व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली. या कायद्यानुसार संलग्न व्यावसायिकाला किमान २,००० तासांची पदविका किंवा पदवी लागते. कंपाउंडर त्या यादीत नाही. त्याच्यासाठी निदान ओळख पटवणं, तातडी ओळखणं आणि गुप्तता राखणं, एवढं तरी खिडकीवर बसण्याआधी शिकवायला हवं. एवढ्यासाठी पदवी लागत नाही. दवाखाना चालवणाऱ्यानं थोडा वेळ काढला तरी पुरे.