युद्धातल्या मुली आणि वळिवड्याची न संपणारी गोष्ट

मंडळी, युद्धपट म्हटलं की आपल्याला रणगाडे, खंदक, तोफा आठवतात. आज आपण ज्या चित्रपटांबद्दल बोलतोय, त्यांत तोफ फार तर लांबून ऐकू येते. समोर असते तेरा-चौदा वर्षांची मुलगी. तिची वाढ सुरू असते आणि बाहेर युद्ध सुरू असतं. म्हणजे एकाच घरात दोन घड्याळं चालू असतात. युद्ध थांबेपर्यंत थांबू, असं काही शरीर म्हणत नाही. या चित्रपटांचं सगळं नाट्य या दोन घड्याळांच्या ओढाताणीत असतं.

दोन उदाहरणं घेऊ. १९४४ साली, युद्ध चालू असताना, अकिरा कुरोसावाने ‘इचिबान उत्सुकुशिकु’ म्हणजे ‘सर्वात सुंदर’ हा चित्रपट केला. सैन्यासाठी भिंगं घडवणाऱ्या कारखान्यातल्या मुलींची ही गोष्ट. हेतू उघडच प्रचाराचा होता. पण नायिकेच्या हातून एक अपुरं राहिलेलं भिंग तयार मालात मिसळतं आणि ते शोधायला ती रात्रभर जागते. पुढे आई गेल्याचं कळूनही ती घरी जात नाही. रडत रडत कामच करत राहते. प्रचाराला तिचा त्याग दाखवायचा होता, आपल्याला मात्र दिसते एक दमलेली पोर. दुसरं उदाहरण १९५९ सालच्या ‘द डायरी ऑफ अ‍ॅन फ्रँक’चं. इथे लपून बसलेली मुलगी आईशी भांडते, प्रेमात पडते, जागेसाठी कुरकुरते. अगदी कुठल्याही घरातल्या मुलीसारखी. म्हणूनच बाहेरची भीती आपल्यापर्यंत पोचते.

आता आपल्याकडे येऊ. कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचं गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलंडच्या सुमारे ५,००० निर्वासितांची छावणी होती. त्यात बहुतेक बायका आणि मुलं. आता ही माणसं इतक्या लांब आली कशी? सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. फेब्रुवारी १९४० पासून तिथली कुटुंबं सैबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार होऊ लागली. १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, तेव्हा राजकारण फिरलं आणि या लोकांची सुटका झाली. पुष्कळसे पुरुष जनरल आंडर्स यांच्या सैन्यात गेले. बायकामुलं इराणमार्गे बाहेर पडली. त्यांतली काही आफ्रिकेत गेली, काही आपल्याकडे आली.

इथे एक साधा हिशोब करून बघू. १९४० मध्ये जी मुलगी दहा वर्षांची होती, ती छावणी उभी राहिली तेव्हा तेराची आणि छावणी उठली तेव्हा अठराची. म्हणजे तिचं अख्खं किशोरवय पंचगंगेच्या खोऱ्यात गेलं. तिथे शाळा होती, चर्च होतं, नाटकं होत, गाइडची पथकं होती. वडील, थोरले भाऊ मात्र लांब युद्धावर. पटकथा लिहिणाऱ्याने पकडावं असं हेच आहे: आधी उपासमार, मग भर उन्हातली शाळा, आणि या दोन्हींच्या मध्ये मोठी होणारी मुलगी.

या गोष्टीतला पेच तर पुढेच आहे. युद्धपट सहसा शांततेपाशी संपतात. तह होतो, माणसं घरी परततात. वळिवड्याच्या मुलींना शांतता आली ती घर हिरावूनच. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला मोठ्या राष्ट्रांनी पोलंडची पूर्व सीमा सरकवली. यांतल्या बहुतेकींची गावं सोव्हिएत संघाकडे गेली. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताही काढली. युद्ध जिंकलेल्या बाजूच्या या मुली, आणि त्यांनाच परतायला गाव नाही! मग काही जणी पोलंडच्या नव्या हद्दीत गेल्या, कितीतरी जणी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे पांगल्या. मोठं होणं म्हणजे घर सोडून जाणं, असं आपण म्हणतो. इथे घरच आधी निघून गेलं होतं.

बरं, छावणी रिकामी राहिली का? नाही. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले. आज त्या जागेला आपण गांधीनगर म्हणतो, कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून ओळखतो. एकाच जागेवर, एकापाठोपाठ एक, घर गमावलेल्या दोन पिढ्यांच्या मुली वयात आल्या.

नागपूरकरांना हे दूरचं वाटायचं कारण नाही. आपला जरीपटका अशाच सिंधी कुटुंबांनी वसवलेला आहे. १९४७ मध्ये तेरा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या पुढे आहे. फाळणीत काय झालं, हे तिला अनेकांनी विचारलं असेल. पण त्या वर्षी तुझी मैत्रीण कोण होती, शाळा सुटली तेव्हा कुठल्या इयत्तेत होतीस, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा कुणाला सांगितलंस, हे कुणी विचारलं का? चित्रपट पुढे कुणी करो न करो, त्याची सामग्री याच उत्तरांत आहे आणि ती ऐकायला आपल्याकडे वेळ फार थोडा उरला आहे.